पत्रकारितेत शिरायचंय? पदवी हाती येण्याआधी करायची कामं

दैनिकात किंवा वाहिनीत काम मागायला गेलेल्या मुलामुलींची प्रमाणपत्रं फारसं कुणी उलगडून पाहत नाही. पहिला प्रश्न येतो, ‘काय लिहिलंय ते दाखवा.’ तिथे पुष्कळ जण अडखळतात. गुण चांगले असतात, प्रकल्पाची जाडजूड फाइल असते, पण स्वतः फिरून, चार माणसांना विचारून, कागद काढून लिहिलेली एकही बातमी गाठीशी नसते.

मी आधी दैनिकात बातमीदारी केली, मग डेस्कवर बसले आणि आता पत्रकारिता शिकवते. दोन्ही बाजू पाहिल्यामुळे ठामपणे सांगते : कॉलेजात असतानाच पाच-सहा पक्क्या बातम्या तयार करा. इंटर्नशिप, नोकरी, फेलोशिप या गोष्टी त्यांच्या जोरावर मिळतात. त्या बातम्या कशा करायच्या, त्यासाठी काय लागतं, कुठे फसगत होते आणि काम घेऊन कुणाकडे जायचं, ते पुढे क्रमाने लिहिलंय. महाराष्ट्रात राहून मराठीत काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे आहे. तुम्ही कोणत्या शाखेत शिकता, याने काही बिघडत नाही.

१. पदवीचा गोंधळ आधी मिटवा

पत्रकार होण्यासाठी आपल्याकडे परवाना लागत नाही. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते, पत्रकाराला यातलं काहीच लागत नाही. त्यामुळे ‘मी बी.कॉम. करतोय, मला चालेल का?’ या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे : चालेल. महापालिकेचा अर्थसंकल्प उघडून जमा-खर्चाच्या बाजू वाचू शकणारा वाणिज्य शाखेचा मुलगा कुठल्याही शहर आवृत्तीला हवाच असतो. कृषी पदवीधर, कायद्याचे विद्यार्थी, नर्सिंग केलेल्या मुली या क्षेत्रात फार कमी येतात आणि आल्या की त्यांच्या ज्ञानाची किंमत लगेच कळते.

रीतसर शिकायचं असेल तर वाटा पुष्कळ आहेत. बारावीनंतर मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत बीएएमएमसी हा माध्यमांचा पदवी अभ्यासक्रम आहे, ज्याला आधी बीएमएम म्हणत. पदवीनंतर पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा विभाग, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं ‘रानडे’. शिवाय मुंबई विद्यापीठ आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. अमरावतीला आयआयएमसीचं, म्हणजे केंद्राच्या भारतीय जनसंचार संस्थेचं, विभागीय केंद्र आहे आणि तिथे मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका सुरू झाली. विदर्भातल्या मुलांना हे बरेचदा ठाऊकच नसतं आणि ती थेट पुण्या-मुंबईचा खर्च मांडत बसतात.

प्रवेश घेण्याआधी त्या विभागात एकदा जाऊन या. स्टुडिओ किती चकचकीत आहे ते पाहू नका. विद्यार्थ्यांचा प्रायोगिक अंक निघतो का, शेवटचा कधी निघाला, त्यात विद्यार्थ्यांनी बाहेर फिरून केलेल्या बातम्या किती आणि कार्यक्रमांचे वृत्तांत किती, हे विचारा. माजी विद्यार्थी सध्या कुठे आहेत तेही विचारा. एवढ्यावरून खूप कळतं.

२. कोणतं काम कुणाचं, ते समजून घ्या

बाहेरून पाहणाऱ्याला निवेदक दिसतो. आतलं काम बरंच पसरलेलं असतं. वर्तमानपत्रात बाहेर फिरणारा तो बातमीदार आणि डेस्कवर बसून कॉपी सुधारणारा, मथळा देणारा, पान लावणारा तो उपसंपादक. तालुक्याच्या गावाहून बातम्या पाठवणारा तो वार्ताहर किंवा स्ट्रिंगर. वाहिनीत बातमी आणणारं इनपुट आणि ती पडद्यावर नेणारं आउटपुट असे दोन भाग असतात. डिजिटल विभागात हीच कामं अधिक घाईने होतात.

नवख्यांना पहिली नोकरी बहुतेकदा डेस्कवर मिळते. त्यासाठी परीक्षा घेतात : वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी दिलेल्या वेळात मराठीत आणायची, तिला मथळा द्यायचा, एका मजकुरातल्या चुका काढायच्या. म्हणून रोज एका इंग्रजी बातमीचं मराठी करा. शब्दाला शब्द लावू नका. एकदा वाचा, बाजूला ठेवा आणि आईला किंवा शेजाऱ्याला सांगाल तसं लिहा. मग मूळ बातमीशी ताडून बघा, की आकडा, नाव, तारीख यातलं काही निसटलं तर नाही.

३. जवळ असू द्या

यादी मोठी नाही, पण यातली एखादी गोष्ट नसली की ऐन वेळी खोळंबा होतो.

– यूनिकोडमध्ये मराठी टाइप करण्याचा सराव. इनस्क्रिप्ट कळफलक शिकायला थोडे दिवस जातात, पण नंतर वेग चांगला येतो. काही कार्यालयांत अजून श्रीलिपी ही जुनी फॉन्टप्रणाली चालते, तरी मजकूर यूनिकोडमध्येच द्या. तो कुठेही उघडतो.
– खिशात मावेल अशी वही आणि पेन. फोन बंद पडतो, पावसात भिजतो, कधी कुणी बाहेर ठेवायला लावतं.
– ध्वनिमुद्रण नीट होईल असा फोन आणि पॉवर बँक.
– स्वतःच्या नावाचा साधा ईमेल पत्ता.
– कॉलेजचं ओळखपत्र आणि विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र : ‘ही आमची विद्यार्थिनी असून अभ्यासक्रमाचा भाग म्हणून वृत्तलेखन करत आहे.’ सरकारी कार्यालयात हे पत्र फार उपयोगी पडतं.
– शुद्धलेखनाचे नियम. शासनमान्य नियम अठराच आहेत : १९६२ साली चौदा मान्य झाले, १९७२ साली चार वाढले. एका रविवारी वाचून होतात.
– कामाचा साठा. छापून आलेल्या बातमीचं कात्रण, पानाचा फोटो, पोर्टलवरच्या बातमीची पीडीएफ त्याच दिवशी ड्राइव्हवर टाका. संकेतस्थळं बंद पडतात, बातम्या उडतात.

४. पहिली बातमी पाच किलोमीटरच्या आत शोधा

वर्गात विषय मागितले की बेरोजगारी, शेतीचं संकट, शिक्षणव्यवस्था अशी यादी येते. एवढ्या मोठ्या विषयाला हात घालायला अनुभवी बातमीदारालाही महिने लागतात. तुम्ही जिथे रोज वावरता, तिथे सुरुवात करा. तिथली माणसं तुम्हाला ओळखतात, दुसऱ्यांदा जायला भाडं लागत नाही आणि काही चुकलं तर लगेच कळतं.

एक उदाहरण घेऊ. ‘महाडीबीटीवरची (शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या सरकारी पोर्टलवरची) शिष्यवृत्ती अजून आली नाही’ ही वर्गातली तक्रार झाली. तिची बातमी करायची तर आधी योजना नेमकी कोणती ते पाहा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्ती या वेगळ्या योजना आहेत आणि त्यांचे विभागही वेगळे आहेत. मग अर्ज कुठे अडकलेत ते शोधा. विद्यार्थ्याने भरलेला अर्ज आधी महाविद्यालयाच्या लॉगिनवर जातो, तिथून विभागाकडे. अर्जाची सध्याची स्थिती विद्यार्थ्याच्या खात्यात दिसते. दहा-पंधरा जणांना त्यांच्या खात्याचे स्क्रीनशॉट मागा आणि वहीत तक्ता करा : किती अर्ज कॉलेजात पडून आहेत, किती विभागाकडे गेलेत, किती जणांचं बँक खातं आधारशी जोडलेलं नाही. इतकं झालं की बातमीचं तोंड दिसू लागतं. अर्ज कॉलेजातच पडून असतील तर प्रश्न शिष्यवृत्ती विभागातल्या लिपिकाला आणि प्राचार्यांना विचारायचा. विभागाकडे असतील तर त्या योजनेच्या विभागाकडे, म्हणजे समाजकल्याणची योजना असेल तर सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडे जायचं. मंत्रालयाला जबाबदार धरून लिहिलेली आणि प्रत्यक्षात कॉलेजच्या कपाटात अडकलेली बातमी दुसऱ्या दिवशी टिकत नाही.

या बातमीत आणखी एक गोष्ट हवी : पैसे न आल्याने कुणाचं काय अडलं. वसतिगृहाचं भाडं थकलं, परीक्षा अर्ज भरायला उसने घेतले, एखादीने कॉलेज सोडलं. अशी दोन माणसं नीट भेटली, तर वीस जणांच्या एकेका ओळीपेक्षा बातमी खोल जाते.

असे विषय मिळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. जाऊन बसा आणि कोणता प्रश्न दर वेळी विचारला जातो ते टिपा. नगरपालिका आणि महापालिकांचे अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. मागच्या वर्षी तुमच्या प्रभागाला काय कबूल केलं होतं आणि त्यातलं काय झालं, एवढं ताडलं तरी बातमी होते. एसटी आगारात शेवटच्या गाडीची वेळ आणि कॉलेज सुटण्याची वेळ शेजारी शेजारी मांडून बघा.

घरबसल्या मिळणारे कागदही आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) प्रत्येक जिल्ह्याचं स्वतंत्र माहितीपत्रक आहे. बालविवाह, रक्तक्षय, लसीकरण यांचे आकडे त्यात सापडतात. उमेदवाराने अर्जासोबत दिलेलं मालमत्तेचं आणि गुन्ह्यांचं शपथपत्र खुलं असतं. ई-कोर्ट्सवर खटल्याची पुढची तारीख दिसते. कृषी पणन मंडळ बाजार समित्यांचे रोजचे भाव देतं. पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर गुन्ह्यांचे प्रथम खबरी अहवाल चढवले जातात, कारण सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली तसा आदेश दिला. संवेदनशील गुन्हे यातून वगळलेले असतात.

आकडा हाती आला म्हणजे बातमी झाली असं मात्र समजू नका. माहितीपत्रकातला बालविवाहाचा आकडा घेऊन एखाद्या गावातल्या आशाताईंना भेटा. ‘हे असं का?’ विचारल्यावर त्या जे सांगतील, तिथून तुमचं काम सुरू होतं.

५. कागद मागायला शिका

विद्यार्थ्यांच्या हातात माहिती अधिकार कायद्याइतकं मोठं साधन दुसरं नाही आणि ते वापरणारे विद्यार्थी मला फार थोडे भेटतात. २००५ चा हा कायदा कुठल्याही नागरिकासाठी आहे. पत्रकार असावं लागत नाही. माहिती कशाला हवी ते सांगावं लागत नाही. कलम ६(२) मध्ये तसं स्पष्ट म्हटलंय. कुणी विचारलंच तर हे कलम शांतपणे दाखवा.

राज्य सरकारच्या कार्यालयासाठी रीत अशी :

क. अर्ज जोडपत्र ‘अ’च्या नमुन्यात, जनमाहिती अधिकाऱ्यांच्या नावे.

ख. विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून ही मर्यादा आहे. दोन विषय असतील तर दोन अर्ज करा.

ग. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क माफ आहे, पुरावा जोडायचा.

घ. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच नसेल तर पुढे अपील करताना अडचण येते.

च. ३० दिवसांत उत्तर आलं पाहिजे. आलं नाही किंवा अपुरं आलं, तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील. त्यासाठी २० रुपयांचा स्टॅम्प. तिथेही काम झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील.

राज्याचं ऑनलाइन पोर्टलही आहे, तिथे शुल्क थेट भरता येतं. रेल्वे, टपाल, राष्ट्रीय महामार्ग अशा केंद्राच्या कार्यालयांना कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही; तिथे पोस्टल ऑर्डर लावा किंवा केंद्राच्या पोर्टलवरून अर्ज करा. चुकून दुसऱ्याच कार्यालयाकडे अर्ज गेला, तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करण्याची जबाबदारी कार्यालयाची असते.

आता अर्जातला मजकूर. बहुतेक अर्ज इथेच वाया जातात. ‘आमच्या गावचा रस्ता इतका निकृष्ट का झाला?’ असं विचारलं की उत्तर येतं, प्रश्नार्थक माहिती देता येत नाही. कायदा तुम्हाला कार्यालयात असलेला कागद देतो. म्हणून कागदाचं नाव घ्या : अमुक रस्त्याच्या कामाचं मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी, ठेकेदाराला दिलेली देयकं, या चारांच्या प्रती. कालावधी लिहा. इतकं नेमकं विचारलं की टाळाटाळ करायला जागा उरत नाही. आणि मोजमाप पुस्तिका हातात घेऊन त्या रस्त्यावर टेप घेऊन गेलात, तर बातमी तिथेच उभी राहते. कुणाची वैयक्तिक माहिती मागायच्या भानगडीत पडू नका, ती सहज नाकारली जाते. खर्च, ठराव, आदेश, संख्या मागा.

अभिलेख पाहणीचा हक्कही कायद्यात आहे. राज्यातल्या जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फायली पाहू द्याव्यात, असे शासनाचे २०१८ चे आदेश आहेत. एकदा जाऊन फाइल चाळलीत की कोणत्या कागदाची प्रत मागायची ते नेमकं कळतं आणि पानामागे २ रुपयांप्रमाणे होणारा नको तो खर्च वाचतो.

एका सत्रात दोन अर्ज करा. उत्तर येईपर्यंत माणसांना भेटून घ्या, म्हणजे तीस दिवस रिकामे जात नाहीत.

६. माणसांशी बोलताना

ओळख आधी द्या : नाव, कॉलेज, कशासाठी बोलताय, कुठे छापून येऊ शकतं. ध्वनिमुद्रण करण्याआधी विचारा. ‘हे छापू नका’ असं कुणी सांगणार असेल तर ते बोलण्याआधी ठरतं. बोलून झाल्यावर आलेली विनंती ऐकावी का, हे त्या माणसावर काय बेतू शकतं ते पाहून ठरवा. अंगणवाडी सेविका, कंत्राटी कामगार, वसतिगृहातली मुलगी अशांची नोकरी किंवा प्रवेश तुमच्या एका ओळीने जाऊ शकतो. त्यांना नाव छापण्याचा परिणाम तुम्हीच समजावून सांगायचा असतो, कारण त्यांना तो माहीत असेलच असं नाही.

सहा ककार वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा : कोण, काय, कधी, कुठे, का, कसं. मुलाखत संपवण्याआधी त्यावरून नजर फिरवा. नावाचं स्पेलिंग, पद, वय, गाव, तालुका समोरच्याकडूनच वदवून घ्या. एकाच नावाची गावं महाराष्ट्रात ढिगाने आहेत. तालुका न लिहिलेली बातमी डेस्कवर अडून राहते.

ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू घेतल्याशिवाय बातमी देऊ नका. फोन उचलला नाही तर संदेश पाठवा, उत्तराला वाजवी वेळ द्या आणि केव्हा-कसा संपर्क केला ते बातमीत लिहा. ‘संपर्क होऊ शकला नाही’ ही ओळ प्रत्यक्षात फोन न करताच लिहिणारे मी पाहिलेत. तुम्ही ते करू नका.

७. इथे थांबायचंच

लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत ते कलम ७२ आहे. नाव गाळून वडिलांचं नाव, शाळा, गल्ली छापली तरी ओळख पटतेच. पीडित मूल असेल तर पॉक्सोचं, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३ लागू होतं. गुन्ह्यात सापडलेल्या किंवा संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख बालन्याय कायद्याच्या कलम ७४ ने झाकलेली आहे. खेड्यात ‘तालुक्यातील एका गावात’ एवढं लिहिणंही कधी कधी जास्त होतं. डेस्कशी बोलून ठरवा.

बदनामीचं कलम ३५६ आहे. कागद आणि दोन्ही बाजू हाताशी असतील तर त्याला घाबरून बातमी सोडायची गरज नाही, पण ‘भ्रष्ट’, ‘आरोपी’, ‘दोषी’ हे शब्द जपून वापरा. गुन्हा दाखल झालेला माणूस दोषी ठरलेला नसतो.

व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो किंवा व्हिडिओ आधी उलटा शोधा, म्हणजे तोच टाकून तो पूर्वी कुठे आलाय ते पाहा. गूगल लेन्स आणि टिनआय यांनी बहुतेक जुने फोटो उघडे पडतात. व्हिडिओसाठी इनव्हिड आहे. पुराच्या दिवसांत दर वर्षी तेच जुने व्हिडिओ नव्या गावांच्या नावाने फिरतात. दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेट, बोलण्यातली भाषा बघा, आणि त्या गावात कुणी ओळखीचं असेल तर सरळ फोन करा. सगळ्यात भरवशाचा उपाय हाच.

८. फसगतीच्या जागा

‘पाच हजार भरा आणि प्रेस कार्ड मिळवा.’ हे सर्रास चालतं आणि गरीब घरातली मुलं यात पैसे घालवतात, याचा मला संताप येतो. कुणीही छापलेल्या कार्डाने पत्रकार होता येत नाही. सरकारची अधिस्वीकृती पत्रिका, म्हणजे सरकारमान्य पत्रकाराचं ओळखपत्र, माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं आणि ती अनुभवी पत्रकारांना, नियमांत बसलं तर मिळते. नियतकालिकाची नोंदणी ही वेगळी बाब आहे. ती आता १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याखाली होते आणि ती प्रकाशनाची असते, माणसाची नव्हे. गाडीवर ‘प्रेस’ चिकटवून टोलनाक्यावर हुज्जत घालणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका.

दुसरा प्रकार जाहिरातीचा. तालुक्याचा वार्ताहर म्हणून नेमतात आणि दिवाळी अंकाला, वाढदिवसाच्या पुरवणीला इतक्या हजारांच्या जाहिराती आणा म्हणतात. ज्या पुढाऱ्याकडे जाहिरात मागायला गेलात, त्याच्याविरुद्ध लिहायला हात उचलत नाही. रुजू होताना स्पष्ट विचारा : जाहिरात आणावी लागेल का? मानधन किती, बातमीमागे की महिन्याला? नाव लागेल का? उत्तर ईमेलवर मागा.

तिसरा, संपत नाही अशी इंटर्नशिप. शिकण्यासाठी महिना-दोन महिने कमी पैशात काम करणं समजू शकतं. सहा महिने फुकट, तेही दिवसभर दुसऱ्या संकेतस्थळांच्या बातम्या उचलून शब्द बदलण्याचं काम असेल, तर सोडून द्या. तिथे तुमच्या साठ्यात भर पडत नाही आणि उचलेगिरीची सवय मात्र लागते. एआयकडून बातमी लिहून घेण्याचंही तसंच. भाषांतराचा कच्चा खर्डा किंवा ध्वनिमुद्रणाचं शब्दांकन करून घ्या, पण एकेक नाव आणि आकडा स्वतः तपासा.

९. काम घेऊन कुठे जायचं

सगळ्यात जवळचा दरवाजा जिल्ह्याच्या कार्यालयाचा. मोठ्या दैनिकांची जिल्हा कार्यालयं असतात, शिवाय स्थानिक दैनिकं असतात. मुंबईच्या मुख्य कार्यालयात शेकडो अर्ज पडतात. जिल्ह्यात तुमची बातमी घेऊन प्रत्यक्ष गेलात तर निदान कुणीतरी वाचतं. स्थानिक दैनिकात पहिल्याच महिन्यात न्यायालय, रुग्णालय, बाजार समिती असं सगळं करावं लागतं आणि तेवढं शिक्षण दुसरीकडे मिळत नाही. दैनिकांच्या तरुणांसाठीच्या पानांना कॉलेजमधून लिहिणारे हवेच असतात, तिथे लेखनाची सुरुवात बरी होते.

आकाशवाणीचा विचार फार थोडे जण करतात. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे प्रादेशिक वृत्त विभाग आहेत. नैमित्तिक वृत्तनिवेदक, संपादक यांच्यासाठी आणि जिल्ह्यांतल्या अंशकालीन वार्ताहरांसाठी अधूनमधून जाहिराती निघतात. लेखी परीक्षा आणि आवाजाची चाचणी होते. पदवीनंतर लगेच तयारी असावी म्हणून आत्तापासून रोज पाच मिनिटं बातम्या मोठ्याने वाचून मुद्रित करा आणि ऐका. कम्युनिटी रेडिओ तर विद्यार्थ्यांसाठी उघडाच असतो : पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’, साताऱ्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’. तुमच्या जिल्ह्यात असं केंद्र असेल तर शोधून काढा.

ग्रामीण भागाबद्दल लिहायचं असेल तर पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, म्हणजे ‘पारी’, आवर्जून पाहा. पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेलं हे संकेतस्थळ मराठीतही निघतं आणि विद्यार्थ्यांचं काम घेतं, इंटर्न घेतं. तुमच्या आजोबांच्या व्यवसायाबद्दल, गावातल्या शेवटच्या कारागिराबद्दल तिथे सविस्तर लिहिता येतं. मात्र ते लोक वारंवार सुधारणा मागतात, परत जाऊन विचारायला लावतात. तो त्रास सोसा.

‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलं, म्हणून तो दिवस आपल्याकडे पत्रकार दिन. त्या आठवड्यात बहुतेक जिल्ह्यांत पत्रकार संघांचे कार्यक्रम असतात. भाषणं संपल्यावर थांबा आणि तुमच्या भागात फिरणाऱ्या बातमीदारांशी ओळख करून घ्या. पुढे ‘अमुक कार्यालयात हा कागद कुणाकडे मिळेल?’ असं विचारायला हीच माणसं लागतात.

१०. अर्जाचा ईमेल

‘मला पत्रकारितेची लहानपणापासून आवड आहे’ या वाक्याने सुरू झालेला ईमेल पुढे वाचला जात नाही. विषयाच्या ओळीतच काम सांगा. एक नमुना देते :

‘विषय : बातमीचा प्रस्ताव – कॉलेज सुटल्यानंतर तालुक्याला परतायला एसटी नाही

महोदय, मी अमुक महाविद्यालयात द्वितीय वर्षाला आहे. आमच्या कॉलेजमध्ये अमुक मार्गावरच्या पाच गावांतून विद्यार्थिनी येतात. शेवटचं व्याख्यान साडेपाचला संपतं, शेवटची बस पाचला निघते. मी तीन गावांतल्या विद्यार्थिनींशी व आगार व्यवस्थापकांशी बोलले आहे. माहिती अधिकारात फेऱ्यांचं वेळापत्रक मिळवलं आहे. ६०० शब्दांची बातमी व चार छायाचित्रं शुक्रवारपर्यंत देऊ शकते. याआधीच्या दोन बातम्या सोबत जोडल्या आहेत.’

खाली नाव, गाव, फोन. एवढंच. बायोडेटा एका पानाचा, पीडीएफमध्ये जोडा. एकच ईमेल दहा संपादकांना एकत्र पाठवू नका. एकाला पाठवा, नकार आला की दुसऱ्याला.

चार दिवसांत उत्तर आलं नाही तर फोन करा, दुपारी बारा ते तीनच्या मध्ये. संध्याकाळी सहानंतर पानं लावायची घाई असते, तेव्हा कुणी नीट बोलू शकत नाही. बातमी कापून, बदलून छापली गेली तर छापील आणि तुमची प्रत शेजारी ठेवून काय काढलं ते पाहा, आणि ज्या उपसंपादकाने ती पाहिली त्यांना दुसऱ्या दिवशी कारण विचारा. कामात असलेली माणसंही या प्रश्नाला वेळ काढून उत्तर देतात.